पेटीची खडखड

"तनू, ह्या पेटीचा आवाज बरा न्हाई. आत कायतरी घासतंय."

आप्पा हे ओरडून म्हणाले. अलीकडे ते सगळंच ओरडून म्हणत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांची जीभ, ओठ, घसा यांतलं काहीही हलेनासं होऊन वर्ष उलटलं होतं. बोलायचा तो कॉटशेजारच्या स्टुलावरचा स्पीकर. त्या स्पीकरला आप्पांचा आवाज द्यायचा म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी त्यांचं जुनं बोलणं मागितलं, तेव्हा घरात सापडले ते फक्त फोनवरचे व्हॉइस मेसेज. सगळे कारखान्यातून, चालू यंत्रमागांच्या गदारोळात, सुताच्या दलालांना झापताना पाठवलेले. त्यामुळे आप्पांचा, म्हणजे दिगंबर मुसळ्यांचा, नवा आवाज कायमचा चढेल झाला. "शैला, जरा जवळ बस" हेसुद्धा ते बायकोला असं म्हणत, की जणू शैलजाबाईंनीच खराब माल पाठवला होता.

आप्पा इचलकरंजीतले नावाजलेले जॉबर. माग बिघडला की ज्याला बोलावणं जातं तो जॉबर. कारखान्यात आले की ते मालकाकडे बघतसुद्धा नसत. डोळे मिटून मागाचा आवाज ऐकायचे, कुठलातरी एक नट अर्धा फेरा आवळायचे, परत ऐकायचे आणि म्हणायचे, "बास." ते 'बास' ऐकलं की मालकाचा जीव भांड्यात पडे. अशा माणसाला आजार जडला तो एकेक स्नायू निकामी करत जाणारा, आणि या दुष्ट आजाराने कान तेवढे शाबूत ठेवले. उशाशी खडखडणारी पेटी दिवसभर ऐकत पडायचं, एवढंच काम त्यांना उरलं होतं.

खडखड खरीच होती. तनुजाने पेटीला कान लावला. ती आप्पांची एकुलती एक मुलगी, एका सूतगिरणीचे संगणक सांभाळायची, बरंचसं घरूनच. आवाज हार्ड डिस्कचा आहे हे तिला लगेच कळलं.

"डिस्क आहे, आप्पा. लिहितेय."

"इतकं काय लिवती? बाराखडी?"

शैलजाबाई आतून हसल्या. त्या काळात या घरात अजून हसणं होतं.

पेटीला बोलपेटी हे नाव त्यांनीच दिलेलं. हॉस्पिटलच्या कागदावर भलतंच लांबलचक काहीतरी होतं. ती काम कशी करते हे सांगून सांगून तनुजाला पाठ झालं होतं. मेंदूत जिथून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात, त्या जागी आप्पांच्या कवटीखाली केसाहून बारीक तारांच्या जाळ्या बसवलेल्या होत्या. जीभ मेली तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. पेटी ते टिपायची, हा 'क', हा 'मा' असं ओळखायची आणि स्पीकरवरून म्हणून दाखवायची. अडचण एकच होती. मेंदू म्हणजे भिंत नव्हे, की खिळा ठोकला आणि विषय संपला. तारांभोवतीच्या पेशी मरतात, जाळी केसभर सरकते. आज 'क'ची जी खूण असते ती महिन्याभराने तशीच राहत नाही.

म्हणून पेटीत एक प्रोग्रॅम बॅकग्राउंडला अष्टौप्रहर चालू असे. जे ओळखता आलं ते स्पीकरला जाई. जे ओळखता आलं नाही ते जसंच्या तसं डिस्कवर उतरे. आप्पांचा डोळा लागला, की हा प्रोग्रॅम ते अनोळखी तुकडे काढून कालच्या खुणांशी ताडून बघायचा. अरे, हा तर कालचाच 'क', थोडा वाकडा झालाय! की झाली नवी ओळख. कालचा दुवा आजला, आजचा उद्याला. मधली साखळी तुटता कामा नये, एवढीच अट.

त्या वर्षांत मेमरीच्या चिपा सोन्याच्या भावाने जात होत्या. जगातल्या बड्या कंपन्यांनी त्या आपल्या अगडबंब संगणकांसाठी उचलून नेल्या होत्या. ज्या सरकारी योजनेतून आप्पांना पेटी मिळाली, तिच्या वाट्याला आल्या त्या कुठूनतरी मोडीत काढलेल्या, गरगर फिरणाऱ्या जुन्या डिस्क. त्यातून मेंदूतलं काहीही घराबाहेर जाता कामा नये असा कायदा, म्हणून पेटी कुलूपबंद. योजनेचा शिक्का नसलेली डिस्क लावली तर ती सुरूच होत नसे, आणि तिच्यातलं काही बाहेर उतरवूनही घेता येत नसे. फक्त सेटिंग बदलता यायची, साठलेलं पुसता यायचं आणि किती तुकडे आहेत याची नोंद काढता यायची. आत लिनक्स ही संगणकप्रणाली होती, तनुजाच्या रोजच्या ओळखीची.

तिने आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. प्रोग्रॅम मिनिटामिनिटाला आपला सगळा पसारा डिस्कवर लिहीत होता. शिवाय प्रत्येक अनोळखी तुकडा, शिवाय त्या तुकड्याची नोंद, शिवाय ती नोंद कोणी वाचली याची नोंद. डिस्कवरच्या मेलेल्या जागा आठवड्यागणिक वाढत होत्या. तिने योजनेच्या कचेरीत फोन लावला. नवी डिस्क मिळेल, पण वर्षभर तरी लागेल, असं उत्तर आलं.

"आणि त्याआधी ही बंद पडली तर?"

"मग पेटी बंद, मॅडम. काय करणार?"

तिने आप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांच्यापासून लपवायचं नाही असं घरात ठरलेलंच होतं. "हे लिहिणं कमी केलं तर डिस्क टिकेल, आप्पा. पण मग अनोळखी तुकडे मेमरीत ठेवावे लागतील, आणि मेमरी इवलीशी आहे. भरली की जुने तुकडे आपोआप पुसले जाणार. पेटी सावकाश शिकेल."

"किती तुकडं असत्यात?"

"फार नाहीत सध्या. त्यातल्या निम्म्या तुमच्या जांभया."

"मग सोड की. चिंधी ती. चिंधीसाठी कोण माग मोडतंय व्हय?"

चिंधी म्हणजे मागावर तुटून पडलेलं सूत. तनुजाला ते पटलं. आवाज वाचवायचा तर चार जांभया गेल्या म्हणून काय बिघडलं? तिने चार ओळी लिहून पेटीला सांगितलं, पसारा दिवसातून एकदाच लिही, नोंदी मेमरीत ठेव, तुकडे मेमरीत ठेव. डिस्क दोन-चार वेळा खडखडली आणि गप्प झाली.

आप्पांनी बराच वेळ ऐकलं. मग स्पीकर गरजला, "हां. बास."

तनुजाला इतका आनंद झाला, की तिने त्यांच्या कपाळाचा मुका घेतला. आप्पांचं 'बास' तिला जन्मात पहिल्यांदाच मिळालं होतं.

शैलजाबाईंना मात्र ती शांतता सोसेना. त्यांचा जन्म मागाशेजारी गेलेला. माहेरी भिंतीपलीकडे माग, सासरी भिंतीपलीकडे माग. मागाच्या धडधडाटात त्या लेकरासारख्या झोपत, आणि माग थांबला की खडबडून उठत, कारण थांबला म्हणजे धागा तुटला, आणि कोणीतरी उठून तो सांधायचा असतो. आता गल्लीतले बहुतेक माग भंगारात गेले होते. उरली होती ती पेटीची खडखड, आणि तीही आता पोरीने बंद केली.

"आवाज नसला की मला वाटतंय कायतरी तुटलंय," त्या म्हणाल्या. "सारखं उठावं वाटतंय."

"काही तुटलेलं नाही, आई. उलट आता सगळं नीट चाललंय."

सुरुवातीचे दोन-तीन महिने तसंच वाटलं. मग माणसांची नावं गेली. आप्पा नुसतं 'ती' म्हणत, आणि ती म्हणजे बायको, लेक की नर्स, हे अंदाजाने ठरवावं लागे. मग वाक्यं तुटायला लागली. त्याच सुमारास डोळ्यांची बुबुळंही हलायची थांबली, नजरेने हो-नाही सांगायची सोयही गेली. गळ्यात नळी बसली, श्वासाचं मशीन आलं. आजार वाढतोय, असं सगळे म्हणाले. तनुजाही म्हणाली. आजार खरोखरच वाढत होता, त्यामुळे कोणाला वेगळं काही सुचलं नाही.

सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला तो 'आयला'. तोंड पुसलं तरी आयला, कूस बदलली तरी आयला. शेजारच्या हावळकाकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि बाहेर जाऊन त्याच पदराने डोळे पुसायच्या. एक दिवस तोही थांबला. त्यानंतर स्पीकरचा उपयोग शैलजाबाई औषधांच्या बाटल्या ठेवायला करू लागल्या.

डॉक्टर ऐनापुरे महिन्यातून एकदा मिरजेहून यायच्या. त्यानंतरच्या एका खेपेला आप्पांना तपासून त्या बाहेरच्या खोलीत आल्या, पुढे केलेला चहा घेतला आणि कप तसाच हातात धरून बसल्या.

"आप्पांनी सांगून ठेवलेलं तुमच्या लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? आवाज धडधाकट होता तेव्हा आप्पांनी डॉक्टरांना आणि दोन साक्षीदारांना बोलावून हे सगळं रेकॉर्ड करायला लावलं होतं. "इचार चालू हाय तवर मला ठिवा. बोलता येऊ दे न्हाईतर न येऊ दे. पण डोकं बंद पडलं की ह्या नळ्या काढा. रिकामा माग चालवून वीज जाळू नका." एवढं सगळं अर्थातच ओरडून.

"ते ठरवायची वेळ आलीय," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाला बोलता येत नसलं तरी आत तो काही म्हणत असेल, तर पेटीत अनोळखी तुकड्यांचा खच पडतो. मी आत्ता नोंद काढून पाहिली. डिस्कवर तुकडे नाहीत. कित्येक महिने एकही नाही."

"एकबी न्हाई?" शैलजाबाईंनी विचारलं.

"नाही, ताई. आत शांत आहे."

तनुजाला आपल्या त्या चार ओळी आठवल्या. डिस्कवर तुकडे नव्हते, कारण डिस्कवर तुकडे लिहायचेच नाहीत असं तिनेच सांगून ठेवलं होतं. हे तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. आईसमोर, डॉक्टरांसमोर ते वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"नोंद नीट उतरली नसेल," ती कशीबशी म्हणाली. "मी बघते."

"बघ. गुरुवारी मिरजेला हॉस्पिटलची समिती बसेल. येताना ताजी नोंद आण. तुकडे दिसले तर प्रश्नच मिटला, त्यांच्याच शब्दाप्रमाणे त्यांना ठेवायचं. नाही दिसले तर..." डॉक्टरांनी कप तसाच खाली ठेवला. गाडी वळून गेल्यावरही तनुजा दारातच उभी होती.

त्याच दुपारी तिने सगळी सेटिंग पहिल्यासारखी केली आणि कॉटच्या कडेला बसून राहिली. श्वासाचं मशीन फुसफुसत होतं. आप्पांचे डोळे छताकडे, ओले, निश्चल. क्षणभर काहीच झालं नाही, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं, याची तिला नंतर फार लाज वाटली.

मग डिस्क खडखडली. थांबली. परत खडखडली, आणि मग थांबेचना. आठ महिन्यांपूर्वीची ती आवाजाची किरकिर याच्यापुढे काहीच नव्हती. स्टूल हलत होतं, स्पीकरवरच्या बाटल्या किणकिणत होत्या.

शैलजाबाई हातात निवडायची गवार तशीच घेऊन धावत आल्या. "काय झालं गं?"

"थांब आई, बोलू नकोस. आप्पा, मी तनू. ऐकू येत असेल तर गप्प बसा. मनातल्या मनातसुद्धा काही म्हणू नका. एकदम गप्प."

खडखड चालू राहिली. प्रोग्रॅमला हातातलं लिहून संपवायला थोडा वेळ लागे. चार-सहा श्वास गेले आणि आवाज बंद पडला.

"आता बोला. काहीही बोला."

पेटी धडधडायला लागली.

शैलजाबाईंच्या हातातली गवार खाली सांडली. "हायती," त्या म्हणाल्या. "अगं, आत हायती ते! मला म्हायतीच हुतं!" आणि त्या नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून मोठ्यांदा रडायला लागल्या. पेटी वाजतच होती.

तनुजा रडली नाही. काय झालं ते तिला आता स्वच्छ दिसत होतं. खुणा वाकड्या होत गेल्या, तसे अनोळखी तुकडे वाढत गेले. वाढले तशी इवलीशी मेमरी लवकर भरली. भरली तसे जुने तुकडे पुसले गेले. आप्पांचा डोळा लागून प्रोग्रॅम शिकायला बसायचा, तेव्हा शिकण्यासारखं हाताशी काही उरलेलंच नसायचं. मग दुसऱ्या दिवशी आणखी अनोळखी तुकडे. आजाराने त्यांची जीभ नेली होती. बोलणं नेलं ते तिच्या चार ओळींनी. माणूस महिनोन्महिने बोलत होता, हाका मारत होता, शिव्या देत असेल, विनवत असेल, आणि पेटी ते सगळं चिंधीसारखं झाडून टाकत होती.

तिने ते आप्पांना सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर, त्यांच्या कानाशी वाकून, काहीही न वगळता सांगितलं. "तुमचं बोलणं मी पुसलं, आप्पा. नकळत. पण मीच पुसलं."

पेटी बराच वेळ खडखडत राहिली. आप्पा काहीतरी लांबलचक म्हणत होते. शिव्या घालत होते की समजूत काढत होते, हे कळायला मार्ग नव्हता. तनुजाने त्यांचा हात धरून ते शेवटपर्यंत ऐकलं.

पुढचे दोन दिवस शैलजाबाईंचे होते. त्यांनी नवऱ्याला गल्लीतल्या सगळ्या बातम्या ऐकवल्या. हावळांच्या सुनेचं भांडण, कोणाचे माग कोणी उचलले, मटणाचा रस्सा कसा बिघडला. पेटी वाजली की त्या म्हणायच्या, "व्हय, व्हय, तेच म्हणतेय मी." रात्री त्या गाढ झोपल्या, कित्येक महिन्यांनी. तनुजा मात्र प्रोग्रॅमवर नजर ठेवून होती. ताज्या तुकड्यांवर तो शिकत होता, ताडून बघत होता आणि दर वेळी हात हलवत परत येत होता. त्याच्याकडे शेवटच्या खुणा होत्या त्या कधीच्या, आणि मधली साखळी नव्हती. त्याला आप्पा परके झाले होते. आप्पांना विचारून नव्याने शिकवावं, तर एकेक खूण शेकडो वेळा म्हणवून घ्यायला हवी, आणि तेवढं बळ त्या देहात उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दुसरा मार्ग काढला. "आप्पा, मी एकेक अक्षर म्हणते. तुमचं अक्षर आलं की बोला. तोवर गप्प."

ऐकायला सोपं वाटतं. पण खडखड उशिरा यायची, म्हणून प्रत्येक अक्षरानंतर थांबावं लागे. आप्पांना तेवढा वेळ मन कोरं ठेवावं लागे, आणि कोणाचं मन असं कोरं राहतं? मधेच पेटी वाजायची, परत 'क' पासून सुरुवात. नाडी वाढायची, श्वासाचं मशीन कुरकुरायचं. दोन वेळा शैलजाबाई म्हणाल्या, "जाऊ दे की गं, दमल्यात ते." पण तनुजा सोडायला तयार नव्हती. इतक्या महिन्यांच्या बोलण्यातलं निदान एक वाक्य तिला हवं होतं.

दुपार कलायच्या सुमाराला 'ब' मिळाला. मग काना. मग बऱ्याच वेळाने 'स'. आणि त्यानंतर तिने कितीही विचारलं तरी पेटी वाजली नाही.

शैलजाबाई पलीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"ह्या अक्षरांना कंटाळले असतील," तनुजा म्हणाली. "नाही का, आप्पा? अक्षरं बास, म्हणायचंय ना? तसं असेल तर बोला."

पेटी गप्प.

"मी इचारते," शैलजाबाई म्हणाल्या. त्या उठून कॉटवर बसल्या, नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. "अवो. असं हो-न्हाईवर ऱ्हायचं झालं तर ऱ्हाशिला का? मी हाय, तनू हाय. रोज बोलू की आपण. ऱ्हायचं असंल तर वाजवा."

त्या थांबल्या. खूप थांबल्या. मशीन फुसफुसत होतं.

"मग सगळंच बास, म्हणताय व्हय?"

पेटी खडखडली, लगेच, जोरात, आणि त्यांनी गप्प व्हा म्हणेपर्यंत थांबली नाही.

तनुजाने ते मानलं नाही. तिने संध्याकाळी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, प्रश्न उलटा करून विचारला, आई नसताना विचारला. उत्तर एकच. शेवटी ती चिडली. "तुम्हीच म्हणाला होता ना, विचार चालू आहे तोवर ठेवा म्हणून?" तिचा आवाज आप्पांइतकाच चढला होता. "मग आता का?"

पेटी काहीतरी बोलली. कोणालाच कळलं नाही, आणि तनुजाच्या प्रश्नाचं तेच उत्तर होतं. शैलजाबाईंनी तिला कॉटपासून ओढून बाहेर नेलं.

"तवा त्येंना काय ठावं, इचार चालू ऱ्हाईल आणि तोंडाला कुलूप लागंल म्हणून?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "कारखान्यातली दोन पोरं नीट काम करीनात तर त्येंना बोलल्याबिगार जेवण जात नव्हतं. इतकं महिनं भिताडाशी बोलल्यात. आणि आपण बाटल्या ठेवल्या त्या स्पीकरवर. किती झालं तरी माणूस हाय, तनू."

तनुजाने डॉक्टर ऐनापुऱ्यांना फोन लावला. "समजा, डॉक्टर, तुकडे आहेत. विचार चालू आहे. पण माणूसच म्हणतोय की सोडा."

"म्हणतोय कसा?"

"डिस्कच्या आवाजावरून. वाजली तर हो, नाही वाजली तर नाही."

"डिस्कच्या खडखडीवर कुठलीही समिती सही करणार नाही, तनुजा. मीही करणार नाही. त्यांच्या आवाजात, साक्षीदारांसमोर सांगितलेलं माझ्याकडे आहे: विचार चालू तोवर ठेवा. तुकडे दिसले तर ठेवावंच लागेल. मशीनवर अशी माणसं दहा-बारा वर्षंही काढतात." मग त्या म्हणाल्या, "समिती फक्त नोंद बघते. नोंदीपलीकडचं तिला काही दिसत नाही." हे त्यांनी नियम म्हणून सांगितलं की आणखी कशासाठी, तनुजाने विचारलं नाही.

म्हणजे आता सगळं तिच्या हातात आलं होतं. डिस्कवर आठवड्याभराचे तुकडे होते. ते नोंदीत तसेच दिसले तर आप्पा राहणार, छताकडे बघत, पेटी खडखडवत, वर्षानुवर्षं. आणि जायचं त्यांचं म्हणणं पुरं करायचं, तर त्यांचं उरलंसुरलं बोलणंही तिलाच पुसायचं होतं. पहिल्या वेळी निदान तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी शैलजाबाईंनी आप्पांची दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, केस विंचरले. कोणाकडे लग्नाला निघायचं असावं तसं त्यांचं चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "एकदा शेवटचं इचार. माझ्यासमोर."

तनुजाने विचारलं. "आप्पा, आज मी मिरजेला जातेय. पेटी परत गप्प करून जाऊ का? करायची असेल तर बोला."

पेटी वाजली.

"मग परत बोलता येणार नाही. कोणालाच काही कळणार नाही. चालेल?"

पेटी वाजली. मग एकदम थांबली, तिने सांगायच्या आधीच, आणि खोली वाट बघत राहिली.

तनुजा कीबोर्डपाशी बसली. आठवड्याचे तुकडे निवडले. किती होते ते तिने पाहिलं नाही. त्यात बाराखडीची ती सकाळ होती, गल्लीच्या बातम्यांना दिलेली उत्तरं होती, तिच्या कबुलीनंतरचं ते लांबलचक बोलणं होतं. कधीकाळी कोणी चांगला प्रोग्रॅम लिहिला असता तर कदाचित ते उलगडलंही असतं. तिने पुसायची आज्ञा दिली, आणि डिस्क खडखडायला लागली.

तो आवाज अगदी तसाच होता. पुसणाऱ्या डिस्कचा कुठला आणि आप्पांचा कुठला, हे तिला शेवटपर्यंत वेगळं काढता आलं नाही. ती दोन्ही हात मांडीत धरून बसून राहिली. शैलजाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला होता.

पुसून झालं. मग तिने त्याच जुन्या चार ओळी परत लिहिल्या. पसारा दिवसातून एकदा, नोंदी मेमरीत, तुकडे मेमरीत, भरले की टाकून दे. हाताला सवय असल्यासारख्या त्या भराभर लिहून झाल्या. डिस्क दोन-चार वेळा खडखडली आणि गप्प झाली.

खोलीत श्वासाच्या मशीनशिवाय काही ऐकू येईना. आवाज थांबला तशा शैलजाबाई जन्माच्या सवयीने खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या परत खाली बसल्या.